नकाराधिकाराचा माग: युगोस्लाव्हिया फुटल्यावर काय उरलं ते कसं वाचायचं

युगोस्लाव्हिया समजून घ्यायचाय असं कोणी म्हटलं की मी आधी हेच सांगते, युद्धापासून सुरुवात करू नका. युद्ध महत्त्वाचं नाही असं अजिबात नाही, एकट्या बोस्नियात सुमारे एक लाख माणसं गेली, जुलै १९९५ मध्ये स्रेब्रेनित्सात आठ हजारांहून जास्त पुरुष आणि मुलगे मारले गेले, हे विसरून या विषयावर कोणी एक ओळसुद्धा लिहू नये. पण मी स्वतः लढायांच्या तारखांपासून सुरू केलं होतं आणि काही महिन्यांनी वहीत नुसती शहरांची, सेनापतींची आणि करारांची नावं होती, आणि बोस्नियात आजही तीन जणांचं राष्ट्राध्यक्षपद का आहे किंवा कोसोवोच्या नावापुढे सरकारी कागदांवर चांदणीची खूण का असते अशा साध्या प्रश्नांना माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग सगळं बाजूला ठेवून एकच प्रश्न धरला: या व्यवस्थेत ‘नाही’ म्हणायचा हक्क कोणाकडे आहे? त्यानंतर विषय हळूहळू उलगडायला लागला.

म्हणून पद्धत अशी. एक वही घ्या किंवा एक्सेल शीट उघडा, काहीही चालेल, आणि रकाने करा. कोण अडवू शकतो, काय अडवू शकतो, अडवल्यावर नक्की काय बंद पडतं, आणि ते बंद पडल्याचा त्रास कोणाला होतो. शेवटचा रकाना लोक विसरतात, तो विसरू नका, कारण अडवणाऱ्याला स्वतःला त्रास होत नसेल तर तो अडवतच राहतो, आणि त्यालाही त्रास होत असेल तर आज ना उद्या टेबलावर येतो. हा एक फरक डोक्यात ठेवून १९७४ पासून आजपर्यंत यायचं.

आधी १९७४ ची राज्यघटना

टिटोच्या काळातली शेवटची घटना २१ फेब्रुवारी १९७४ ची, ४०६ कलमांची. एवढी सगळी वाचायची गरज नाही, मोजक्या जागा बघा. देशात ६ रिपब्लिक (म्हणजे घटक राज्यं) होती, स्लोव्हेनिया, क्रोएशिया, बोस्निया-हर्जेगोव्हिना, सर्बिया, माँटेनेग्रो आणि मॅसेडोनिया, आणि सर्बियाच्या पोटात २ स्वायत्त प्रांत, व्होय्व्होदिना आणि कोसोवो. प्रांत कागदावर सर्बियाचे, पण केंद्रात त्यांना स्वतःची जागा आणि स्वतःचं मत. केंद्रीय संसदेत दोन सभागृहं होती, त्यातलं आपल्या कामाचं म्हणजे रिपब्लिक आणि प्रांतांचं सभागृह, प्रत्येक रिपब्लिकचे १२ आणि प्रत्येक प्रांताचे ८ असे ८८ प्रतिनिधी, आणि विकासाच्या योजना, चलन, परकीय व्यापार अशा मोठ्या आर्थिक बाबींवर तिथे बहुमत चालायचं नाही, सगळ्या शिष्टमंडळांची संमती लागायची. म्हणजे आठ जणांपैकी प्रत्येकाच्या हातात ब्रेक.

दुसरी जागा प्रस्तावना. तिथे राष्ट्रांच्या आत्मनिर्णयाच्या हक्कात वेगळं व्हायचा हक्कही आहे असं लिहिलंय, पण वेगळं कसं व्हायचं याची प्रक्रिया कुठेच नाही. आणि ‘राष्ट्र’ कोण, हाही प्रश्न आहेच. सर्ब, क्रोएट, स्लोव्हेन, मॅसेडोनियन, माँटेनेग्रिन आणि पुढे मान्यता मिळालेले मुस्लिम (आजचे बोस्नियाक) हे ‘नारोद’ म्हणजे राष्ट्र, तर अल्बेनियन आणि हंगेरियन हे ‘नारोदनोस्त’, एक पायरी खाली, का तर त्यांचं राष्ट्र-राज्य देशाबाहेर आधीच आहे म्हणून. कोसोवोला रिपब्लिकचा दर्जा का मिळाला नाही याचं उत्तर या दोन शब्दांत दडलंय, त्यामुळे हे शब्द मूळ रूपातच लिहून ठेवा, भाषांतरात त्यातला फरक पुसला जातो.

तिसरी जागा कलम ५. देशाच्या सीमा सगळ्यांच्या संमतीशिवाय बदलता येणार नाहीत आणि रिपब्लिकची हद्द त्या रिपब्लिकच्या संमतीशिवाय बदलता येणार नाही. याच्याखाली लाल रेघ मारा, हे कलम देश मेल्यावर कामाला आलं.

आता लोक म्हणतात की या घटनेने देश फोडला. मला हे अर्धंच खरं वाटतं. ब्रेक आठ जणांकडे होते पण गाडी चालवणारा एक पक्ष आणि एक माणूस होता, आणि ४ मे १९८० ला टिटो गेल्यावर अध्यक्षपद आठ जणांच्या मंडळाकडे गेलं, दरवर्षी नवा प्रमुख, आणि त्याच दशकात अब्जावधी डॉलरचं परदेशी कर्ज अंगावर. कर्ज फेडायचं तर कोणीतरी पोटाला चिमटा घ्यायचा, कोणी घ्यायचा यावर एकमत नाही, आणि स्लोव्हेनियाचं दरडोई उत्पन्न कोसोवोच्या कित्येक पट. सगळ्यांची संमती लागणारी व्यवस्था वाढीच्या काळात निभते, तोटा वाटून घ्यायची वेळ आली की ती ठप्प होते, हे इथे डोळ्यांना दिसतं.

१९८९ ते १९९१: मतं मोजा

या तीन वर्षांवर ढीगभर मजकूर मिळेल. तुम्ही फक्त मतं मोजा. मार्च १९८९ मध्ये स्लोबोदान मिलोशेविच या नेत्याच्या सर्बियाने कोसोवो आणि व्होय्व्होदिनाची स्वायत्तता काढून घेतली, पण केंद्राच्या अध्यक्ष मंडळातली त्यांची मतं मात्र ठेवली. म्हणजे सर्बिया, दोन प्रांत आणि सोबत माँटेनेग्रो, आठपैकी चार मतं एका हातात. उरलेल्या चौघांनी हे बघितलं आणि ओळखलं की आता या मंडळातून आपल्याला संरक्षण नाही. मे १९९१ मध्ये क्रोएशियाच्या स्तिपे मेसिचची प्रमुख होण्याची पाळी आली तेव्हा नेमकं असंच झालं, चार मतं मिळाली, उरलेली चार मिळाली नाहीत, आणि देशाला प्रमुखच नाही.

आणखी एक गोष्ट जी मला फार उशिरा कळली आणि तुम्हाला आधीच सांगते, निवडणुकांचा क्रम बघा. १९९० मध्ये सहाही रिपब्लिकमध्ये बहुपक्षीय निवडणुका झाल्या, पण संपूर्ण देशाची अशी निवडणूक एकदाही झाली नाही. त्यामुळे लोकांनी निवडून दिलेला प्रत्येक नेता एका रिपब्लिकचा होता आणि अख्ख्या देशाच्या वतीने बोलेल असा निवडून आलेला माणूस नव्हताच. पंतप्रधान आन्ते मार्कोविचने महागाई आटोक्यात आणायला १९९० च्या सुरुवातीला दिनार जर्मन मार्कला बांधला, ७ दिनारला १ मार्क, काही महिने लोकांना बरं वाटलं, पण त्याच्या मागे मतं कुठे होती? वर्ष संपता संपता सर्बियाच्या संसदेने गुपचूप सुमारे १८ अब्ज दिनारच्या नोटा छापायची सोय करून घेतली आणि जानेवारी १९९१ मध्ये ते उघड झालं. सामायिक चलनात एका सदस्याने बाकीच्यांना न विचारता हात घातला. माझ्या मते २५ जून १९९१ च्या स्लोव्हेनिया-क्रोएशियाच्या स्वातंत्र्य घोषणेइतकीच ही गोष्ट महत्त्वाची आहे, फक्त तिचे फोटो नाहीत म्हणून ती मागे पडते.

सीमा, माणसं, पैसे

देश फुटला की पहिला प्रश्न सीमा कुठली. युरोपियन समुदायाने फ्रेंच न्यायविद रॉबेर बादिंतेर यांच्या अध्यक्षतेखाली लवाद आयोग नेमला, त्याचे अभिप्राय छोटे आहेत, मूळातून वाचा, एका संध्याकाळी होतील. नोव्हेंबर १९९१ च्या पहिल्या अभिप्रायात म्हटलंय की युगोस्लाव्हिया विसर्जित होण्याच्या प्रक्रियेत आहे, म्हणजे कोणी एकटा ‘सोडून गेला’ असं नाही. जानेवारी १९९२ च्या तिसऱ्या अभिप्रायात म्हटलंय की रिपब्लिकमधल्या आतल्या सीमा याच आता आंतरराष्ट्रीय सीमा, संमतीशिवाय बदल नाही, आणि त्यासाठी आधार म्हणून तेच कलम ५. प्रांतांना मात्र हा नियम लागला नाही, म्हणून कोसोवो तेव्हा बाहेर राहिलं. आणि क्रोएशिया-बोस्नियातले सर्ब? त्यांना अल्पसंख्याकांचे सगळे हक्क, पण वेगळं होण्याचा हक्क नाही.

सीमेनंतर माणसं बघा, इथे अभ्यासाला जीव येतो. युगोस्लाव्ह नागरिकाकडे देशाच्या नागरिकत्वाबरोबर एका रिपब्लिकचंही नागरिकत्व असायचं आणि रोजच्या जगण्यात त्याने काही फरक पडत नसे, बऱ्याच जणांना आपलं नक्की कुठलं लागलंय हे माहीतही नव्हतं. २६ फेब्रुवारी १९९२ ला स्लोव्हेनियाने कायम रहिवाशांच्या नोंदीतून २५ हजारांहून जास्त लोकांची नावं काढली, बहुतेक सगळे इतर रिपब्लिकमधले मूळचे, ज्यांनी दिलेल्या मुदतीत नव्या नागरिकत्वासाठी अर्ज केला नव्हता किंवा ज्यांचा अर्ज नाकारला गेला. वर्षानुवर्षं त्याच घरात राहणारी माणसं एका रात्रीत कागदाविना. त्यांना ‘पुसलेले’ असंच म्हणतात. आणि हे अशा देशात झालं जो सगळ्यात शांतपणे बाहेर पडला म्हणून त्याचं कौतुक होतं, तर ते कौतुक वाचताना ही नोंद शेजारी ठेवा.

मग पैसे. मालमत्ता वाटणीचा करार व्हिएन्नात २९ जून २००१ ला झाला, देश फुटून दहा वर्षं झाल्यावर. उशीर का? कारण मिलोशेविच सत्तेत असेपर्यंत सर्बिया-माँटेनेग्रोचं युगोस्लाव्हिया म्हणत होतं की जुन्या देशाचे वारस आम्ही एकटेच, आणि बाकीचे म्हणत होते वारस पाच. शेवटी पाच वारस ठरले आणि परदेशातल्या आर्थिक मालमत्तेची वाटणी झाली, सर्बिया-माँटेनेग्रो ३८ टक्के, क्रोएशिया २३, स्लोव्हेनिया १६, बोस्निया १५.५ आणि मॅसेडोनिया ७.५. कराराला सात परिशिष्टं आहेत, दूतावास, दप्तरखाने, पेन्शन सगळं त्यात. पण सामान्य माणसाची बँकेतली बचत सुटली नाही. सारायेव्होतल्या माणसाने ल्युब्लियान्स्का बँकेच्या तिथल्या शाखेत जर्मन मार्क ठेवले होते, बँक स्लोव्हेनियाची, शाखा बोस्नियात, हमी मेलेल्या देशाची, आता पैसे कोण देणार? प्रत्येक सरकारने दुसऱ्याकडे बोट दाखवलं आणि जुलै २०१४ मध्ये युरोपियन मानवी हक्क न्यायालयाने स्लोव्हेनियाला जबाबदार धरलं. तेवीस वर्षं. वहीतला शेवटचा रकाना आठवा, अडवणाऱ्याला त्रास होत नव्हता, ठेवीदाराला होत होता.

बोस्निया: इथे घाई नको

बोस्नियातलं युद्ध थांबवणारा डेटन करार नोव्हेंबर १९९५ मध्ये अमेरिकेतल्या ओहायोमधल्या हवाई तळावर ठरला, १४ डिसेंबरला पॅरिसमध्ये सह्या झाल्या. त्याचं परिशिष्ट ४ म्हणजेच बोस्नियाची घटना. हे आधी नीट पचवा, एका देशाची घटना शांतता कराराची पुरवणी आहे, त्यामुळे तिचा पहिला हेतू लोक पुन्हा एकमेकांना मारू नयेत हा होता आणि राज्यकारभार नंतर.

आता कागदावर चौकट काढा. वर राज्य, खाली दोन ‘एंटिटी’, बोस्निया-हर्जेगोव्हिना फेडरेशनकडे ५१ टक्के जमीन आणि रिपब्लिका स्र्प्स्काकडे ४९ टक्के. फेडरेशनच्या आत १० कँटन (छोटे प्रांत), प्रत्येकाचं सरकार आणि मंत्री. ब्रच्को नावाचं शहर दोघांनाही हवं होतं कारण रिपब्लिका स्र्प्स्काचे दोन भाग तिथेच जोडले जातात, डेटनमध्ये सुटलं नाही, १९९९ मध्ये लवादाने निकाल दिला आणि २००० पासून तो वेगळा जिल्हा आहे.

वरच्या मजल्यावर तीन जणांचं अध्यक्ष मंडळ, एक बोस्नियाक, एक क्रोएट, एक सर्ब, दर आठ महिन्यांनी प्रमुख बदलतो. संसदेचं एक सभागृह ४२ जणांचं, दुसरं म्हणजे ‘हाउस ऑफ पीपल्स’ १५ जणांचं, प्रत्येक समाजाचे ५. आणि कुठलाही समाज म्हणू शकतो की हा निर्णय आमच्या ‘जीवनावश्यक राष्ट्रीय हिताला’ बाधक आहे. बरेच लेख इथेच थांबतात आणि हाच मोठा अडथळा म्हणून सांगतात, पण नीट बघितलं तर रोजच्या कामात जास्त अडतं ते दुसऱ्या नियमामुळे, एंटिटी व्होटिंग. कायदा पास करायला बहुमत पुरत नाही, त्या बहुमतात दोन्ही एंटिटींमधल्या सदस्यांची किमान एक तृतीयांश मतं असायला लागतात. हा व्हेटो वापरायला कसलंही कारण द्यावं लागत नाही, कोर्टात जावं लागत नाही, नुसतं मत द्यायचं नाही. मोठा आवाज करणारा व्हेटो आणि मुकाट्याने चालणारा व्हेटो वेगळे लिहा, हे मी तळमळीने सांगते कारण इथेच अर्धा गोंधळ होतो.

याची किंमत कोण देतं? बोस्नियाक आणि क्रोएट सदस्य फेडरेशनमधूनच निवडला जातो आणि सर्ब रिपब्लिका स्र्प्स्कामधूनच. म्हणजे सारायेव्होत राहणारा सर्ब अध्यक्ष मंडळासाठी उभा राहू शकत नाही. स्रेब्रेनित्सा आज रिपब्लिका स्र्प्स्कामध्ये आहे, तर तिथे परत येऊन घर बांधलेला बोस्नियाकही उभा राहू शकत नाही. आणि जो या तिघांपैकी नाहीच त्याचं काय? देर्वो सेय्दिच हे रोमा आणि याकोब फिंत्सी हे ज्यू, दोघं कोर्टात गेले आणि २२ डिसेंबर २००९ ला युरोपियन मानवी हक्क न्यायालयाने हा भेदभाव आहे असा निकाल दिला. तो निकाल अंमलात आणण्यासाठी घटना बदलायला लागते, आणि घटना बदलायला ज्यांची मतं लागतात त्यांचीच सत्ता या नियमावर उभी आहे.

तरीही बोस्निया सगळाच ठप्प आहे असं मात्र लिहू नका, तसं नाहीये. मध्यवर्ती बँक बघा. डेटननेच तिला करन्सी बोर्डवर बसवलं, म्हणजे जेवढं परकीय चलन साठ्यात तेवढ्याच नोटा, मनाप्रमाणे छपाई बंद, आणि पहिला गव्हर्नर बोस्नियाचा किंवा शेजारच्या देशाचा नागरिक असता कामा नये असंही लिहून ठेवलं. ‘कोन्व्हर्टिबिल्ना मार्का’ जर्मन मार्कला १ ला १ बांधली, युरो आल्यावर १ युरोला १.९५५८३, आणि ते अजून टिकून आहे. १९९१ च्या नोटा छपाईची आठवण ज्याला आहे त्याला ही तरतूद कशासाठी आहे ते लगेच कळेल. १९९८ मध्ये गाड्यांच्या नंबरप्लेट एकसारख्या केल्या, त्यांवर फक्त तीच अक्षरं घेतली जी सिरिलिक आणि लॅटिन दोन्ही लिप्यांत सारखी दिसतात. तोपर्यंत प्लेट बघून कळायचं की गाडी कुठल्या बाजूची आहे आणि लोक दुसऱ्या बाजूला गाडी न्यायला घाबरायचे. मला वाटतं संघराज्य कसं जोडायचं हे या प्लेटइतकं स्वच्छ क्वचित कुठे दिसतं. पुढे २००६ मध्ये एकच सैन्य झालं आणि देशभर १७ टक्के एकच व्हॅट आला, त्याच्या वसुलीचं मुख्य ऑफिस ठेवलं बान्या लुकामध्ये, म्हणजे रिपब्लिका स्र्प्स्कात.

पण हे सगळं आपापसात ठरून झालं का, हा प्रश्न विचारायलाच हवा. देशात हाय रिप्रेझेंटेटिव्ह नावाचा आंतरराष्ट्रीय अधिकारी बसतो, डिसेंबर १९९७ मध्ये बॉनला झालेल्या बैठकीपासून त्याला कायदे लादायचा आणि निवडून आलेल्यांना पदावरून काढायचा अधिकार मिळाला. म्हणजे सगळ्या व्हेटोंच्या वर एक माणूस, ज्याला इथल्या कोणी निवडलेलं नाही. त्याच्यामुळे कामं झाली हे खरं, आणि स्थानिक नेत्यांना तडजोड न करता बसून राहायची सवय लागली हेही तितकंच खरं वाटतं मला, शेवटी साहेब निर्णय देणारच आहेत तर मी माझ्या मतदारांपुढे वाईट का होऊ.

बाकीची नवी राज्यं, थोडक्यात

मॅसेडोनिया बोस्नियाशेजारी ठेवून वाचा. २००१ मध्ये सरकार आणि अल्बेनियन बंडखोर यांच्यात झालेल्या संघर्षानंतर १३ ऑगस्टचा ओह्रिद करार झाला, त्यात फेडरेशन नाही, एंटिटी नाही. भाषा, संस्कृती, स्थानिक स्वराज्य अशा ठरावीक विषयांवरच दुहेरी बहुमत लागतं, एकूण बहुमत आणि त्यात अल्पसंख्याक समाजांच्या सदस्यांचंही बहुमत, बाकी विषय साध्या मताने. लोक याला बादिंतेर बहुमत म्हणतात, तेच ते बादिंतेर. व्हेटो आहे पण त्याला कुंपण आहे, आणि हा फरक माझ्या वहीत मी दोनदा अधोरेखित केलाय.

सर्बिया आणि माँटेनेग्रोचा २००३ चा स्टेट युनियन, म्हणजे दोघांचं सैल संघराज्य, फार वेळ घेण्यासारखा नाही. एकाकडे दिनार, दुसऱ्याकडे युरो, कस्टम वेगळं, आणि तीन वर्षांनी बाहेर पडायची मुभा आधीच लिहिलेली. २१ मे २००६ च्या सार्वमताला युरोपियन युनियनने ५५ टक्क्यांची अट घातली होती, हो म्हणणारे निघाले ५५.५ टक्के.

कोसोवोसाठी तीन कागद पुरतात. सुरक्षा परिषदेचा जून १९९९ चा ठराव १२४४ (कोसोवोचा कारभार संयुक्त राष्ट्रांकडे देणारा), १७ फेब्रुवारी २००८ ची स्वातंत्र्याची घोषणा, आणि २२ जुलै २०१० चं आंतरराष्ट्रीय न्यायालयाचं सल्लागार मत, ज्यात म्हटलंय की घोषणा आंतरराष्ट्रीय कायद्याचा भंग नाही, पण कोसोवो राज्य आहे की नाही यावर न्यायालय बोललेलंच नाही. त्या नावापुढची चांदणी २०१२ मध्ये ठरली, खाली तळटीप की या नावाने दर्जाविषयीच्या कोणाच्याच भूमिकेला बाधा येत नाही. सर्बियाला त्याच टेबलावर बसता यावं म्हणून. चांदणीची थट्टा करणारे खूप आहेत, पण तिच्यामुळे दोघं एकाच बैठकीत बसले हे खरं आहे.

पुन्हा जोडणं: तारा, करार, आणि रांग

प्रादेशिक एकत्रीकरण वाचायला घेतलं की संस्थांच्या आद्याक्षरांचा पूर येतो. घाबरू नका, आधी अशा गोष्टी घ्या ज्या तुटल्यावर दोन्हीकडे अंधार होतो. सर्बिया आणि कोसोवो यांच्यातल्या वीजवादामुळे २०१८ च्या जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत ग्रिडमध्ये ११३ गिगावॅट-तास वीज कमी पडली, फ्रिक्वेन्सी खाली राहिली, आणि युरोपातल्या २५ देशांत विजेच्या फ्रिक्वेन्सीवर चालणारी घड्याळं, ओव्हनवरची वगैरे, जवळपास सहा मिनिटं मागे पडली. राजकीय मान्यतेचा प्रश्न पार पश्चिम युरोपातल्या स्वयंपाकघरात पोचला.

याच्या उलट उदाहरण क्र्श्कोचं. स्लोव्हेनियात अणुवीज प्रकल्प आहे, युगोस्लाव्हियाच्या काळात दोन रिपब्लिकनी मिळून बांधलेला. देश फुटल्यावर बिलं आणि मालकी यांवरून बरंच भांडण झालं, काही वर्षं क्रोएशियाला वीज बंद होती, पण अणुभट्टी काही मधोमध कापता येत नाही, तर २००१ च्या करारात निम्मी मालकी, निम्मी वीज आणि किरणोत्सारी कचऱ्याची जबाबदारीही दोघांची असं ठरलं. अडवलं तर दोघांनाही त्रास, म्हणून सुटलं.

हे झाल्यावर करारांकडे या. २००५ चा एनर्जी कम्युनिटीचा (सामायिक ऊर्जा बाजाराचा) करार, सचिवालय व्हिएन्नात. डिसेंबर २००६ चा नवा सेफ्टा (मध्य युरोपीय मुक्त व्यापार करार), ज्याने ३२ वेगवेगळे द्विपक्षीय व्यापार करार गुंडाळून एक केला, आणि त्यात कोसोवोच्या वतीने सही संयुक्त राष्ट्रांच्या मिशनची. २०१४ पासून बर्लिन प्रोसेस, म्हणजे जर्मनीच्या पुढाकाराने होणाऱ्या या प्रदेशाच्या शिखर बैठका. १ जुलै २०२१ पासून पश्चिम बाल्कनच्या सहा देशांत रोमिंग फुकट, हे साधं वाटतं पण सीमेपलीकडे नातेवाईक असलेल्या घराला विचारा. सेफ्टा कागदावर किती भक्कम ते बघायला नोव्हेंबर २०१८ घ्या, कोसोवोने सर्बिया आणि बोस्नियाच्या मालावर १०० टक्के कर लावला आणि सेफ्टाला तो थांबवता आला नाही. सर्बिया, अल्बेनिया आणि उत्तर मॅसेडोनियाचा ओपन बाल्कन, म्हणजे आपसातल्या सीमा खुल्या करायचा उपक्रम, २०२१ मध्ये गाजावाजा करून आला, तो मी वहीत पेन्सिलीने लिहिलाय, कारण सहापैकी बाकीचे तिघं, बोस्निया, माँटेनेग्रो आणि कोसोवो, त्यात आलेच नाहीत.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. युरोपियन युनियनने जून २००३ मध्ये थेसालोनिकीत सांगितलं की तुमचं भविष्य आमच्यात आहे, पण दरवाजा एकेकासाठी. स्लोव्हेनिया १ मे २००४ ला आत, क्रोएशिया १ जुलै २०१३ ला. आत गेलेल्याला काय मिळतं? बाहेरच्यावर व्हेटो. स्लोव्हेनियाने पिरानच्या आखातातल्या सीमावादावरून २००८-०९ मध्ये क्रोएशियाच्या वाटाघाटी अडवल्या. नावावरून ग्रीसने मॅसेडोनियाला वर्षानुवर्षं अडवलं, २०१८ च्या प्रेस्पा करारानंतर देशाने नाव बदलून उत्तर मॅसेडोनिया केलं, आणि लगेच २०२० मध्ये भाषा आणि इतिहासावरून बल्गेरियाने अडवलं. १९७४ च्या सभागृहात आठ जणांच्या हातात जो ब्रेक होता तो नाहीसा झाला नाही, त्याने पत्ता बदलला. फरक इतकाच आणि तो फार मोठा आहे की जुन्या सभागृहात अडवणारा आणि अडलेला दोघंही आत बसलेले असायचे, आता एक आत आणि एक बाहेर आहे, त्यामुळे त्रासाचा रकाना एकाच बाजूला भरतो. म्हणूनच मला वाटतं की एकेकाला आत घ्यायची पद्धत या प्रदेशासाठी चुकीची होती, निदान शेजाऱ्यांचे वाद आधी लवादाकडे द्यायला भाग पाडायला हवं होतं.

शेवटी एक सराव

वही भरून झाली की एक जागा घेऊन सगळे थर तिच्यावर लावून बघा. मी नेउम सुचवते. बोस्नियाचा समुद्रकिनारा सुमारे २० किलोमीटरचा, तो तिथे. ही सीमा १६९९ च्या तहातून आलेली, युगोस्लाव्हियात ती नुसती नकाशावरची रेघ, बादिंतेरच्या अभिप्रायाने ती देशाची सीमा झाली, आणि २०१३ मध्ये क्रोएशियाबरोबर युरोपियन युनियनची बाहेरची सीमा. स्प्लिटहून दुब्रोव्हनिकला जाणाऱ्या क्रोएशियन माणसाला आपल्याच देशात जायला दोन चेकपोस्ट, आणि बोस्नियाच्या दूध-मांसाला पलीकडे जायला युरोपियन नियमांची सर्टिफिकेटं. २६ जुलै २०२२ ला पेल्येशाट्स पूल सुरू झाला, २.४ किलोमीटरचा, बांधला चिनी कंपनीने, ३५.७ कोटी युरो युरोपियन युनियनचे, आणि गाड्या आता बोस्नियाला वळसा घालून वरून जातात.

आता रकाने भरा. पूल व्हायच्या आधी कोण कोणाला अडवू शकत होतं, नंतर कोण? बोस्नियातल्या काही नेत्यांनी मोठ्या जहाजांच्या वाटेवरून आक्षेप घेतला होता, तो अध्यक्ष मंडळात कोणाचा होता आणि कोणाचा नव्हता? नेउममधल्या हॉटेलवाल्याला काय झालं? तिथे बहुसंख्य क्रोएट राहतात, पासपोर्ट बऱ्याच जणांकडे दोन, तर त्यांची बाजू कुठली धरायची? यातला शेवटचा प्रश्न मी अजून पेन्सिलीनेच लिहिलाय.